वाचकांचे प्रश्न : जुन्या टर्मिनलची संथ गती आजच्या संगणकावर

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर मी सिमएच हा प्रोग्रॅम बसवला आहे. तो पीडीपी-११ या जुन्या संगणकाची नक्कल करतो आणि त्यात २.११ बीएसडी युनिक्स व्यवस्थित चालते. मात्र एखादी फाइल दाखवायला सांगितली की ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडद्यावरून निघून जाते. पूर्वी ३०० किंवा १२०० बॉडच्या टर्मिनलवर अक्षरे एकामागून एक उमटत, तशी ती मला पाहायची आहेत. वेग कमी करण्याचा योग्य मार्ग कोणता?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : प्रथम आकडे पक्के करून घेऊ. बॉड म्हणजे येथे तारेवरून सेकंदाला जाणारे बिट. सिरियल तारेवरून एक अक्षर जाते तेव्हा त्याच्या आधी एक प्रारंभ-बिट आणि शेवटी किमान एक विराम-बिट असतो. त्यामुळे आठ बिटांचे अक्षर असो किंवा सात बिट आणि चूक ओळखण्यासाठी जोडलेला एक पॅरिटी-बिट असो, तारेवर दहा बिटांचा काळ खर्च होतो. म्हणजे ३०० बॉडला सेकंदाला ३० अक्षरे, १२०० ला १२० आणि ९६०० ला ९६० अक्षरे. ऐंशी स्तंभ आणि चोवीस ओळींचा पडदा १९२० अक्षरांचा असतो. तो काठोकाठ भरायला ३०० बॉडला ६४ सेकंद, १२०० ला १६ सेकंद, २४०० ला ८ सेकंद आणि ९६०० ला २ सेकंद लागतात. आपण जी नक्कल करू पाहत आहात ती या आकड्यांशी घड्याळ लावून ताडून पाहता येते, आणि ती तशी पाहावीच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लिनक्सवरील पीव्ही हा छोटा प्रोग्रॅम. त्याला सेकंदाला किती बाइट सोडायचे ते सांगून एखादी फाइल त्यातून ओतली की ती संथपणे पडद्यावर येते. पाहुण्यांना गंमत दाखवण्यापुरते हे पुरेसे आहे, पण त्यातून चालू टर्मिनलाचा अनुभव येत नाही, कारण येथे एकाच दिशेचा प्रवाह रोखलेला असतो. खऱ्या तारेवर आपण दाबलेली कळ आधी संगणकाकडे जाते, संगणक ते अक्षर परत पाठवतो आणि मगच ते आपल्याला दिसते. ३०० बॉडला जाताना सुमारे ३३ मिलिसेकंद आणि येताना तितकेच, असा हा फेरा असतो. कळ दाबणे आणि अक्षर दिसणे यांमधला हा पुसटसा उशीर बोटांना जाणवतो. माझ्या मते जुन्या टर्मिनलची ओळख पटते ती पडद्यावरच्या हिरव्या रंगापेक्षा या उशिरामुळे. तेव्हा वेगमर्यादा दोन्ही दिशांना घालावी.

आपण स्वतः छोटा प्रोग्रॅम लिहिणार असाल, तर सिमएच आणि टर्मिनलची खिडकी यांच्यामध्ये तो मध्यस्थासारखा बसवावा. येथे दोन ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते.

पहिली अडचण काळ मोजण्याची. १२०० बॉडला दोन अक्षरांमध्ये ८.३३ मिलिसेकंदांचे अंतर हवे. एक अक्षर सोडायचे, ८.३३ मिलिसेकंद झोपायचे आणि पुढचे सोडायचे, असे केले तर प्रत्येक झोप ठरल्यापेक्षा किंचित लांबते, ती लांबण साठत जाते आणि १६ सेकंदांत भरायचा पडदा बराच उशिरा भरतो. त्याऐवजी पहिले अक्षर सुटले ती वेळ टिपून ठेवावी आणि शंभरावे अक्षर त्या वेळेपासून नव्व्याण्णवपट अंतरावर सोडावे, म्हणजे एखादी झोप लांबली तरी पुढची आपोआप आखडते. विंडोजवर आणखी एक पथ्य आहे. तेथील सामान्य टायमर सुमारे १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालतो. त्यावर विसंबले तर १२०० बॉडचीही अक्षरे दोन-दोनच्या जोडीने येतात आणि ९६०० ला तर पंधरा-पंधराचे घोळके येतात. सरासरी वेग बरोबर भरतो, पण डोळ्यांना तो खोटा वाटतो. टर्मिनल आणि सिमएच यांच्यामध्ये टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरची, जोडणी असेल, तर तिच्यातील नेगलची पद्धतही अक्षरे गोळा करून एकत्र पाठवू शकते. ती त्या जोडणीपुरती बंद करता येते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती ध्यानात यायला वेळ लागतो. समजा, आपण एक लांबलचक फाइल दाखवायला सांगितली आणि दोन ओळी पाहून थांबवण्याची कळ दाबली. खऱ्या यंत्रावर युनिक्सच्या टर्मिनल-चालकाकडील रांग छोटी असे आणि ती भरली की प्रोग्रॅमला थांबावे लागे. शिवाय व्यत्ययाची कळ दाबताच ती रांग रिकामी केली जाई. म्हणून मजकूर जवळपास तत्काळ थांबत असे. आपल्या नकलेत मात्र सिमएचने सारी फाइल क्षणार्धात पुढे ढकललेली असते आणि ती मधल्या बफरांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यांमध्ये, साठलेली असते. महापालिकेने पाणी बंद केले तरी गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत नळ वाहत राहतो, तसा हा मजकूर वाहतच राहतो. बफर ६४ किलोबाइटचा असेल, तर १२०० बॉडला तो उपसायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण कळा बडवत बसतो. यावर उपाय असा, की मध्यस्थ प्रोग्रॅमने हातातले अक्षर पुढे सोडल्याशिवाय मागून नवे घेऊ नये आणि जोडणीचे दोन्ही बाजूंचे बफर शक्य तितके लहान ठेवावेत.

हा सगळा उपद्व्याप टाळण्याचा मार्गही आहे आणि मी तोच सुचवेन. यूएसबीला लावायचे दोन सिरियल अडॅप्टर आणि त्यांना जोडणारी एक नल-मोडेम केबल घ्यावी. सिमएचच्या नव्या आवृत्तींत आतील टर्मिनल-लाइन संगणकाच्या खऱ्या सिरियल पोर्टाला जोडता येते. एक अडॅप्टर तिला द्यावा, दुसऱ्यावर मिनिकॉम किंवा टेरा टर्म हा टर्मिनलचे काम करणारा प्रोग्रॅम उघडावा आणि दोन्ही टोकांना १२०० हा वेग ठरवून द्यावा. मग वेग राखण्याचे काम तारच करते आणि दोन्ही दिशांना चोख करते. अडॅप्टर आणि केबल लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. केबल मागताना ती नल-मोडेम, म्हणजे आत फिरवलेल्या तारांची हवी, हे स्पष्ट सांगावे, अन्यथा दुकानदार सरळ जोडणीची वायर हातात ठेवतो.

रोज वापरायला वेग कोणता ठेवावा, हे आपण विचारलेले नाही, पण सांगतो. ३०० बॉडवर एक संध्याकाळ काढावी आणि नंतर १२०० किंवा २४०० वर यावे. ३०० ला वाचण्याच्या वेगापेक्षा फारसा पुढे न जाणारा मजकूर प्रथम सुखावतो, पण चुकून एखादी लांब यादी मागवली की संयमाची कसोटी लागते.

प्रश्न : मी फोर्टमधील एका व्यापारी कचेरीत अनेक वर्षे टेलेक्स सांभाळला. संगणकाच्या जुन्या टेलिटाइपचा वेग आणि आमच्या टेलेक्सचा वेग एकच होता का? माझा नातू संगणकावर टेलिटाइपची नक्कल करतो, पण ती मला खरी वाटत नाही.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : वेग एक नव्हता. टेलेक्स ५० बॉडवर चाले आणि त्याचा संकेत पाच बिटांचा होता. प्रारंभ आणि दीडपट लांबीचा विराम धरून एका अक्षराला साडेसात एकके लागत, म्हणजे १५० मिलिसेकंद. मिनिटाला ४०० अक्षरे. पाच बिटांत केवळ बत्तीस संकेत मावतात, म्हणून अक्षरांवरून आकड्यांवर जाताना वेगळी शिफ्टची खूण पाठवावी लागे आणि तिलाही तितकाच वेळ लागे, हे आपल्याला सांगायला नकोच. संगणकांना जोडले जाणारे टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ च्या सुमारास आले. ते ११० बॉडचे, सात बिटांच्या आस्की या इंग्रजी अक्षरांच्या संकेताचे होते. त्यात पॅरिटी आणि दोन विराम-बिट धरून एका अक्षराला अकरा एकके लागत. त्यामुळे सेकंदाला बरोबर दहा अक्षरे उमटत, तीही सगळी मोठ्या लिपीतली, ७२ स्तंभांच्या कागदावर.

नातवाची नक्कल आपल्याला खरी वाटत नाही याचे कारण बहुधा ओळीच्या शेवटी सापडेल. कॅरेज उजव्या टोकाकडून डावीकडे परत यायला एका अक्षराच्या काळापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणूनच कॅरेज परत आणण्याचा संकेत आधी आणि कागद सरकवण्याचा नंतर पाठवण्याची रीत पडली, कारण दुसरा संकेत पोहोचेपर्यंत कॅरेजला परतायला सवड मिळे. काही यंत्रांसाठी याशिवाय एक-दोन कोरे संकेतही पाठवत. ते पाठवले नाहीत तर पुढच्या ओळीचे पहिले अक्षर कॅरेज वाटेत असतानाच कुठेतरी मध्येच छापले जाई. नातवाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ दिलेला असणार आणि ओळ संपताच लेखणी क्षणात डावीकडे उडी मारत असणार. त्याला ओळ संपल्यावर सुमारे दोन अक्षरांचा विराम ठेवायला सांगा. आणखी एक गोष्ट आपल्या कानांना खटकत असेल: मोटर. टेलिटाइपची मोटर छपाई नसतानाही घरघरत राहते. ज्या नकलेत केवळ अक्षरांचा खडखडाट आहे आणि मधली घरघर नाही, ती आपल्यासारख्या माणसाला पटणार नाही.

प्रश्न : मी लिनक्सच्या खिडकीत एसटीटीवाय ही आज्ञा देऊन वेग ३०० केला. आज्ञा स्वीकारली गेली, विचारल्यावर वेग ३०० असे उत्तरही येते, पण मजकूर पूर्वीइतकाच वेगाने येतो. मग ही आज्ञा निरुपयोगी समजायची का?
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : ज्या खिडकीत आपण आज्ञा दिली तिच्यामागे तार नाही, तेथे केवळ टर्मिनलाचे सोंग घेतलेली यंत्रणा आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आकडा नोंदवून ठेवतो, कोणी विचारले तर सांगतो आणि त्याउपर काही करत नाही. आपण बदल करण्यापूर्वी तेथे बहुधा ३८४०० हा आकडा होता. त्यालाही काही अर्थ नव्हता. हीच आज्ञा खऱ्या सिरियल पोर्टाला दिली तर मात्र ती थेट चिपपर्यंत पोहोचते.

तरीही ती निरुपयोगी नाही, कारण जुने प्रोग्रॅम हा आकडा वाचत असत आणि त्याप्रमाणे आपले वागणे बदलत असत. याचा उत्तम नमुना म्हणजे व्हीआय हा संपादक. बर्कली येथे बिल जॉय यांनी तो लिहिला तेव्हा घरून ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करावे लागे. म्हणून वेग १२०० पेक्षा कमी असेल तर व्हीआय पूर्ण पडदा न वापरता केवळ आठ ओळींची खिडकी उघडतो, १२०० ला सोळा ओळींची आणि त्याहून अधिक वेग असेल तरच पूर्ण पडद्याची. वरच्या वाचकांप्रमाणे आपणही सिमएचमध्ये २.११ बीएसडी चालवत असाल, तर आत जाऊन वेग ३०० करा आणि व्हीआय उघडा. मजकूर पडद्याच्या थोड्याशा भागातच दिसेल आणि पानामागून पान उलटताना तेवढाच भाग पुन्हा काढला जाईल. तार संथ नसतानाही प्रोग्रॅम तिला संथ समजून काटकसर करतो आहे, हे तेथे स्पष्ट दिसते. मग खरोखर वेग कमी करून तोच प्रयोग करा, म्हणजे आठ ओळींचे महत्त्व कळेल: ऐंशी अक्षरांच्या आठ भरलेल्या ओळींना ३०० बॉडला सुमारे एकवीस सेकंद लागतात, तर चोवीस ओळींना एक मिनिटाहून अधिक.

ज्यांना टर्मिनल म्हणजे कागद हेच ठाऊक होते त्यांच्या प्रोग्रॅमांत ही काटकसर आणखी टोकाला गेलेली आढळते. युनिक्सचा मूळ संपादक ईडी चूक झाल्यावर केवळ एक प्रश्नचिन्ह छापतो. आज तो तुसडेपणा वाटतो. दहा अक्षरे प्रतिसेकंदाच्या टेलिटाइपवर चाळीस अक्षरांची सूचना वाचकाची चार सेकंदे खाते.

एक सावधगिरी सांगतो. नकलेतला वेग आणि आतल्या प्रणालीला सांगितलेला वेग हे दोन्ही जुळवून ठेवावेत. तार १२०० ची आणि प्रणालीला मात्र ९६०० सांगितलेले, असे झाले की व्हीआय बिनधास्त पूर्ण पडदा रंगवू लागतो आणि दोष नकलेला लागतो.

प्रश्न : जुना व्हीटी२२० टर्मिनल मिळाला आहे. यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडल्यावर काही अक्षरे बरोबर येतात आणि काही भलतीच. वेग दोन्हीकडे ९६०० आहे. तसेच ११० बॉड ठेवण्याचा प्रयत्न केला, तर अडॅप्टर ते स्वीकारत नाही.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : काही अक्षरे बरोबर आणि काही चुकीची, याचा अर्थ वेग जुळलेला आहे. वेग चुकला असता तर सगळाच कचरा आला असता. येथे पॅरिटीचा घोळ आहे: एक टोक सात बिट आणि सम पॅरिटी (एक असलेल्या बिटांची संख्या सम ठेवणारा बिट) पाठवते, तर दुसरे ते आठ बिटांचे अक्षर समजून वाचते. इंग्रजी मोठी ए, बी, डी ही अक्षरे बरोबर येतात आणि सी, ई बिघडतात, असे दिसते का ते पाहा. ए, बी आणि डी यांच्या आस्की संकेतात एक असलेले बिट दोन आहेत, त्यामुळे पॅरिटीचा बिट शून्य राहतो. सी आणि ई यांच्यात ते तीन आहेत, त्यामुळे आठवा बिट एक होतो आणि अक्षर बदलते. टर्मिनलच्या सेट-अप पडद्यावर जाऊन आठ बिट, पॅरिटी नाही, असे ठरवावे.

जोडणीबाबत एक सोयीची गोष्ट आहे. लॅपटॉपच्या बाजूचा नऊ पिनांचा आणि टर्मिनलच्या बाजूचा पंचवीस पिनांचा जोड यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनांची कामे मुळातच उलट आहेत. म्हणून दोनला दोन, तीनला तीन आणि नऊ पिनांतील पाचला पंचवीस पिनांतील सात, अशा तीन तारा डकवल्या की नल-मोडेम तयार होते. मात्र सूक्ष्म-नियंत्रकांसाठी विकले जाणारे पाच किंवा ३.३ व्होल्टचे उघड्या पिनांचे अडॅप्टर टर्मिनलला लावू नयेत. आरएस-२३२ च्या तारेवर उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंचे, कित्येक व्होल्टांचे संकेत असतात. ते अशा अडॅप्टरला जाळू शकतात.

आता ११० बॉड. यूएसबी अडॅप्टरांपैकी बरेचसे ३०० च्या खाली उतरतच नाहीत. ती त्यांच्या चिपची मर्यादा आहे. जुन्या डेस्कटॉप संगणकाचा स्वतःचा सिरियल पोर्ट असेल, तर प्रश्न सुटतो. त्यातील १६५५० जातीची चिप १,१५,२०० या मूळ वेगाला एका पूर्णांकाने भागते: ९६०० साठी १२, १२०० साठी ९६, ३०० साठी ३८४ आणि ११० साठी १०४७. शेवटचा भागाकार पुरता जुळत नाही, पण राहणारी चूक इतकी नगण्य आहे की टेलिटाइपलाही ती कळणार नाही.

९६०० ला टर्मिनलऐवजी लॅपटॉपच्या पडद्यावर वाचत असाल, तर आणखी एक विचित्र गोष्ट दिसेल: अक्षरे झुळकीझुळकीने येतील. एफटीडीआय कंपनीच्या चिप आलेली अक्षरे सामान्यतः १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवतात, आणि तेवढ्या काळात ९६०० ला पंधरा अक्षरे जमतात. लिनक्सवर हा काळ एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणता येतो. विंडोजवर ती सोय पोर्टाच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे.

आपण टर्मिनलवर सावकाश सरकणारा पडदा निवडला असेल, तर एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे मजकूर थांबवण्याच्या आणि पुन्हा सुरू करण्याच्या खुणा, चालू ठेवा. ओळी सावकाश सरकत असताना ९६०० ने येणारा मजकूर टर्मिनलला झेपत नाही आणि तो संगणकाला कंट्रोल-एस पाठवून थांबवतो. ही विनंती कोणी ऐकली नाही तर मधल्या ओळी हरवतात. ईमॅक्स हा संपादक वापरणाऱ्यांना मात्र याचा जाच होतो, कारण तेथे शोधाची कळ हीच आहे.

प्रश्न : १९९५ नंतर विदेश संचार निगमच्या शेल अकाउंटवर मजकुरी ब्राउझर वापरत असू. तो अनुभव ९६०० बॉड ठेवून परत येईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पूर्णपणे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि शेल अकाउंटवर आपला संगणक केवळ टर्मिनल म्हणून काम करत असे, हे खरे. पण तेथे आपल्या मोडेमचा वेग हा उशिराचा एकच भाग होता. निगमच्या यंत्रावर एकाच वेळी अनेक जण असत आणि पुढे परदेशी जाणाऱ्या तारा सर्वांमध्ये वाटलेल्या असत. (दिल्ली आणि मुंबई यांना जोडणारी अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याची १९९१ मधील तार स्वतःच ९.६ किलोबिटांची होती, यावरून त्या काळच्या ऐपतीची कल्पना यावी.) म्हणून पडदा भरण्याचा वेग ९६०० ठेवा, पण दुवा निवडल्यानंतर पहिले अक्षर येईपर्यंत काही सेकंदांचा, दर वेळी वेगळा, असा विलंब घाला. चुका दुरुस्त करणारी मोडेम तारेवर खरखर झाली की तोच तुकडा पुन्हा मागवत असत; म्हणून मजकूर मध्येच अडून मग भरभर पुढे जाणे हेही त्यात यायला हवे.

प्रश्न : संथ तारेवर मराठी मजकूर पाठवता येतो का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : येतो, पण महाग पडतो. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘मुंबई’ या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट होतात. ३०० बॉडला हा एक शब्द अर्धा सेकंद घेतो. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलेल्या इस्कीमध्ये प्रत्येक चिन्हाला सामान्यतः एकच बाइट लागतो, म्हणजे तोच शब्द एक षष्ठांश सेकंदात जातो. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या, भारतीय लिपी दाखवणाऱ्या जिस्ट टर्मिनलांचा व्यवहार याच संकेतावर चाले. इस्कीची भारतीय अक्षरे आठव्या बिटावर बसतात, त्यामुळे तार आठ बिटांची, पॅरिटी नसलेली हवी. सात बिटांच्या तारेवर मराठी मजकूर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन बाहेर पडतो. यूटीएफ-८ वापरताना मध्यस्थ प्रोग्रॅमने बाइट एकेक सोडले, तर टर्मिनलची खिडकी तिसरा बाइट येईपर्यंत काहीच दाखवत नाही आणि मग अक्षर पूर्ण उमटते. वेलांटी किंवा अनुस्वार त्यानंतर येतो आणि आधी दिसलेले अक्षर डोळ्यांदेखत बदलते. हा दोष नाही. प्रोग्रॅम दुरुस्त करायला जाऊ नये.